डावा पाटा

"आजी, तुम्ही खरंच घण मारायचा?" असं आजकालची माणसं मला विचारतात आणि डोळे असे मोठे करतात, जणू मी वाघ मारत होते. मारायचा म्हणजे काय? लोहाराच्या घरात बाईनं घण मारायचा नाही तर कुणी मारायचा? भात्याची दोरी ओढायची, विस्तव फुलला की उठायचं, पदर खोचायचा आणि घण उचलायचा. माझ्या आईनं मारला, सासूनं मारला, मी मारला. त्यात कौतुक कसलं! मला कौतुक आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी एक जीप सरळ उभी केली. ती वाकडीही मीच करून ठेवली होती, तेही सांगते. लपवायला मी काय चोरी केली होती?

आमची भट्टी लासुर्ण्यात होती, बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून. देश स्वतंत्र होऊन पाच-सात वर्षं झाली असतील. तेव्हा रस्त्यावर मोटार आली की माणसं हातातलं काम टाकून बघायची, आम्ही मात्र बघायचो नाही. तापलेलं लोखंड कुणासाठी थांबत नाही.

लोहाराचं काम असतं मुक्याचं. दोन माणसं ऐरणीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी राहतात. लोहार एका हातानं सांडशीत लोखंड धरतो, दुसऱ्या हातातल्या लहान हातोड्यानं जागा दाखवतो आणि समोरचीनं त्याच जागेवर घण घालायचा. टक्, धाड. टक्, धाड. बोलायचं काही कामच नाही. आमचे कारभारी आणि मी असं सात-आठ वर्षं काम केलं. घरात भांडण झालेलं असलं तरी ऐरण चालू राहायची. उलट भांडण असलं की माझा घण जास्त चांगला बसायचा, असं तेच म्हणायचे.

मग एका गुऱ्हाळावर उसाचा चरक दुरुस्त करताना त्यांचा उजवा हात लाटांमध्ये, म्हणजे ऊस पिळणाऱ्या रुळांमध्ये गेला. बारामतीच्या दवाखान्यात दोन बोटं काढली, बाकीची राहिली ती नुसती नावाला. घरी आले आणि ऐरणीकडं पाठ करून बसायला लागले. जेवण पाठ करून, चहा पाठ करून. आठ दिवस मी सोसलं. नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "डावा हात हाय न्हवं? सांडशी धरा त्यात. बाकीचं मी बघती. का आता मीच मोडलेल्या पोळपाटासारखं तुमास्नी कोपऱ्यात ठिवू?"

धरली सांडशी. पण लहान हातोडा धरायला दुसरा हात नाही, मग जागा दाखवणार कशी? तोंडानं. "डावीकडं." "आणि जरा डावीकडं." "हाण." पहिले काही दिवस नुसता गोंधळ! ते डावीकडं म्हणायचे, मी माझ्या डावीकडं हाणायचे आणि लोखंड सांडशीतून उडून राखेत पडायचं. समोरासमोर उभ्या माणसांचं डावं-उजवं उलटं असतं हे कळायला आमचे दोन विळे वाया गेले. शेवटी मीच ठरवून टाकलं: या ऐरणीवर डावं म्हणजे त्यांचं डावं. ते डावीकडं म्हणाले की मी माझ्या उजवीकडं घालायचा. महिन्याभरात ते अंगात इतकं भिनलं की विचार करावा लागेना. शब्द त्यांच्या तोंडातून निघाला की घण बरोबर जागेवर.

आमचं पोट बलुत्यावर. वर्षभर गावाचे नांगराचे फाळ शेवटायचे, म्हणजे तापवून त्यांना धार काढायची, विळे-कुऱ्हाडी करायच्या, गाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायच्या आणि ज्वारी खळ्यावर आली की प्रत्येकाच्या खळ्यावरून आपला वाटा आणायचा. त्या ज्वारीवर वर्ष निघायचं. हात गेल्यापासून गावात कुजबुज सुरू झाली. बाईनं काढलेला फाळ म्हणे लवकर बोथट होतो! अरे, घण आधीही मीच मारत होते की. तेव्हा कसा टिकायचा फाळ?

पौषात एके दिवशी आबा भट्टीवर आले. आबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, उसाचा मळा, शब्दाला वजन. मला सूनबाई म्हणायचे. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलले, मग म्हणाले, "सूनबाई, राग मानू नगंस. गावाचं म्हणणं पडतंय की निरवांगीचा लोहार आणावा. धडधाकट माणूस हाय. माघात खळी लागत्याल, त्याच्या आत काय ते ठरवाय पायजे."

"गाव म्हंजी कोण, आबा?" मी विचारलं.

"गाव म्हंजी गाव."

कारभारी खाली मान घालून सांडशीच्या रिबिटाशी चाळा करत बसले होते. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. आबांनाही अवघड झालं असावं, म्हणून त्यांनी विषय बदलला आणि आपल्या जीपचं रडगाणं लावलं. आबांची जीप डिस्पोजलची, म्हणजे लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली. अमेरिकन गाडी, स्टेअरिंग डाव्या बाजूला. तिच्या पुढच्या डाव्या चाकावरच्या पाट्यांतला मुख्य पाटा तुटला होता. पाटा म्हणजे चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांची जी कमान असते ती. गाडीचा सगळा भार तिच्यावर. नवा पाटा मिळेना, म्हणून आबांनी लिलावातूनच एक मोडकी जीप सुट्या भागांसाठी ओढून आणली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! ती आणल्यावर कळलं की ती दुसऱ्याच कंपनीची. आता दोन्ही गाड्या गोठ्याशेजारी उभ्या, आणि कोंबड्या त्यात अंडी घालतायत.

तेव्हा कारभाऱ्यांनी मान वर केली. किती दिवसांनी त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं म्हणून सांगू! म्हणाले, "आबा, लढाईच्या टायमाला मी खडकीला लष्कराच्या कारखान्यात पाट्यांवरच व्हतो. त्या मोडक्या गाडीचं पाटं हिला बसत्यात."

"अरं पण कंपनी येगळी. हिचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा हाय, तिचा पन्हळीसारखा. म्या स्वता बघितलंय."

"दांडा येगळा, भोकं एकच. लढाईत गोळी लागल्याली गाडी कुठल्या कंपनीची हाय हे बघाय कुणाला सवड व्हती? सरकारनं दोन्ही कंपन्यांना सांगितल्यालं, हिचं तिला आन् तिचं हिला बसलंच पायजे."

आबा म्हणाले, "करणार कोण? तुजा हात हा असा."

आणि इथं माझी जीभ सुटली. "मी करणार," म्हटलं. "जीप उभी केली तर बलुतं आमचंच. कबूल?"

आबा हसले. "आन् न्हाय केली तर?"

"तर ही भट्टी त्या लोहाराला देती. भात्यासकट."

कारभाऱ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बस्स. पण बोललेला शब्द आणि घातलेला घण मागं घेता येत नाही. आबा उठले, म्हणाले, "कबूल."

दुसऱ्या दिवशी आम्ही आबांच्या गोठ्याशी गेलो. आधी मोडक्या जीपचे पाटे काढायचे. तिला मागून ठोकर बसलेली, इंजिन कुणीतरी काढून नेलेलं, पण पुढचे पाटे मात्र ताजे होते. कारभारी तिच्या डायव्हरच्या जागेवर चढून बसले, कारण तिथून त्यांना दोन्ही बाजू दिसत होत्या. मी पुढं बसले, त्यांच्याकडं तोंड करून, हातात पाना. ते म्हणाले, "दोनी पाटं काढायचं. एक ताजा, एक म्हातारा आसं जू जमत न्हाय. आन् खडूनं खूण कर, डावा कुठला, उजवा कुठला. डावा डावीलाच गेला पायजे. डावा जड असतुया. डायव्हर त्या बाजूला, त्याच्या बुडाखाली पेट्रोलची टाकी त्याच बाजूला. दिसाय सारखं, पर ताकद येगळी."

त्यांचं डावं, म्हणजे माझं उजवं. मी उजवीकडचा पाटा धरला. त्याच्या टोकाला अडकवलेलं एक आट्याचं बूच काही केल्या फिरेना. घासलेट ओतलं, पान्याला नळी घालून जोर लावला, शिव्या दिल्या. कारभारी वरून ओरडले, "अगं थांब! त्येला उलटा आटा हाय. उजवीकडं फिरव." फिरवलं, तर लोण्यासारखं निघालं. मी मनात म्हटलं, हात गेला तरी डोकं शाबूत आहे की माझ्या नवऱ्याचं. पाटा खाली आला. त्यावर खडूची एक रेघ मारली: डावा. दुसऱ्यावर दोन रेघा: उजवा. इथपर्यंत सगळं बरोबर.

मग चालती जीप. तिच्या चासीखाली, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याखाली जॅक लावला, दोन्ही बाजूंना बाभळीचे ठोकळे दिले. जुने पाटे उतरवले. या वेळी कारभारी गाडीच्या पुढं, नाकासमोर बसले, डाव्या हातानं जॅक सांभाळत. मी मागच्या बाजूनं खाली सरपटत गेले, कारण पुढून जागा नव्हती. पुन्हा आम्ही समोरासमोर. ते म्हणाले, "एक रेघवाला घे. डावीला लाव."

लावला. पाटा वर उचलला तसं त्याचं भोक बरोबर चासीच्या भोकासमोर आलं. मी बोल्ट घातला तर तो बोटानं आत गेला. खोटं नाही सांगत, माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडं लासुर्ण्याच्या सुतारानं केलेलं चाक सणसरच्या गाडीला बसत नाही, तासल्याशिवाय, ठोकल्याशिवाय, दोन्ही सुतारांची भांडणं लागल्याशिवाय. आणि इथं दोन निराळ्या कारखान्यांत, एकमेकांचं तोंड न बघितलेल्या माणसांनी पाडलेली भोकं अशी जुळत होती! त्या माणसांना मी मनातल्या मनात रामराम केला. लोखंडाचं काम असं करावं.

जॅक उतरवला. जीप चारही चाकांवर बसली आणि डावीकडं कलली.

आबा चढून बसले तर आणखी कलली. ओढ्यापर्यंत नेऊन आणली, तर सारखी डावीकडं ओढत होती. कुंपणावर बसलेल्या माणसांतलं कुणीतरी म्हणालं, "बलुतं कलंडलं!" आणि सगळे खदखदून हसले. माझा घण तिथं असता तर बरं झालं असतं.

कारभाऱ्यांनी हळू आवाजात विचारलं, "डावा डावीलाच घातलास न्हवं?"

"व्हय."

"नक्की?"

"ऐरणीची आण," मी म्हटलं. लोहाराच्या घरात याहून मोठी शपथ नसते.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विश्वास ठेवला. तेच मला पुढं जास्त लागलं.

आबांनी निरवांगीला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी तो लोहार आला. मी ठरवून ठेवलं होतं की त्याचा राग करायचा, पण माणूस तसा निघाला नाही. आधी आमच्या भट्टीवर येऊन पाणी प्याला, कारभाऱ्यांच्या हाताची विचारपूस केली, मग जीपकडं गेला. वाकून बघितलं, म्हणाला, "पाटं तर नीट बसलेत. चासीच पिळली असंल. तापवून सरळ करावी लागंल. चार माणसं पायजेत." आबा म्हणाले, "उद्याच्याला कर." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, ठरल्यापरमानं." म्हणजे काय ते मला समजलं. त्यानं केली तर भट्टी त्याची.

मलाही वाटलं, चासीच वाकडी असणार. नाचता येईना, अंगण वाकडं! पण लोखंड वाकडं म्हणायच्या आधी मोजायचं असतं, हे मला सासऱ्यांनी शिकवलं होतं. बैलगाडीचा साटा, म्हणजे खालची चौकट, काटकोनात आहे का ते बघायला सुतळी कोपऱ्यातून कोपऱ्यात धरतात. सगळे गेल्यावर मी सुतळी घेऊन जीपखाली शिरले. डाव्या पुढच्या भोकापासून उजव्या मागच्या भोकापर्यंत एकदा, उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत एकदा. दोन्ही सारख्या. पुन्हा धरली, पुन्हा सारख्या. बाजूनं डोळा लावून बघितलं, तर चासीचे दोन्ही लांब दांडे एका रेषेत. पीळ कुठंच नव्हता. ज्या चासीला उद्या विस्तवात घालणार होते, ती माझ्या घणाच्या दांड्याइतकी सरळ होती.

मग गाडी कलते कशानं? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठून नेहमीसारखा भाता ओढला, कारण एका शेतकऱ्याचा फाळ द्यायचा होता. गाव हसत असलं तरी त्याची नांगरट थांबली होती. कारभाऱ्यांनी सांडशीत फाळ धरला. मी घण उचलला.

"डावीकडं," ते म्हणाले.

माझा घण उजवीकडं गेला आणि वरच्या वर थांबला.

"हाण की! थंड हुतंय."

मी घण खाली ठेवला. "अवं," म्हटलं, "परवा पाटं घालताना तुमी कुठं बसला व्हता?"

"पुढं. नाकाफुडं."

"आन् माझं तोंड कुणीकडं व्हतं?"

"माज्याकडं."

"तुमी म्हनला डावीला लाव. मी तुमच्या डावीला लावला. ऐरणीवर लावती तसा. पर तुमी तर गाडीच्या पुढं बसला व्हता! तुमचं डावं ते गाडीचं उजवं. आदल्या गाडीत तुमी शिटावर बसला व्हता, तवा तुमचं डावं तेच गाडीचं डावं. काढताना बरोबर काढलं आन् घालताना उलटं घातलं. दोनी बारीला डावं तुमचंच धरलं, पर दुसऱ्या बारीला ते गाडीचं न्हवतं!"

फाळ काळा पडला. मग ते हसायला लागले. हात गेल्यानंतर पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला रडू येत होतं आणि हा माणूस हसतोय! "मी बी शिटावर बसल्यावानीच बोललो की गं," म्हणाले. "मला काय ठावं तू गाडीलाच ऐरण समजून बसलीयास!"

हसणं थांबल्यावर त्यांनी दाराबाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ. आत्ता जाऊन पाटं गुपचूप बदलू. चासी आमीच सरळ केली म्हनू. कुणाला कळतंय? बलुतं ऱ्हाईल, अब्रू बी ऱ्हाईल."

खरं सांगते, मोह झाला. घरात ज्वारी किती उरली होती ते मला ठाऊक होतं. आणि जीप सरळ उभी राहणारच होती, खोटं कुठं होतं त्यात? पण ऐरणीची आण घेतली होती मी. शिवाय चासी सरळ केली असं एकदा सांगितलं, की उद्या सणसरची, इंदापूरची, कुणाचीही गाडी कलली की लोक चांगली चासी विस्तवात घालणार आणि म्हणणार, लासुर्ण्याच्या लोहारानं असंच केलं होतं. आपल्या हातानं एक गाडी बिघडली ते पुष्कळ झालं. आणि खरं म्हणाल तर मला आणखी एक राग होता. मी अडाणी म्हणून चुकले नव्हते. मी माझं काम पक्कं शिकले होते म्हणून चुकले होते. ते मी का लपवू?

"न्हाय," म्हटलं. "मी सांगणार."

गोठ्याशी गेले तेव्हा निरवांगीचा लोहार कोळसा रचत होता. आबा होते, कुंपणावरचे परवाचे सगळे होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं: "आबा, चासी सरळ हाय. सुतळी लावून बघा. पाटं मी उलटं घातलं. डावा उजवीला आन् उजवा डावीला. चूक माजी."

लगेच कुंपणावरून आवाज आला, "म्हंजी बाईला डावं-उजवंच कळत न्हाय व्हय!" आणि पुन्हा तेच खदाखदा.

माझं टाळकं सणकलं. "आबा," म्हटलं, "या हितं, माज्याफुडं उभं ऱ्हावा. आता डावा हात वर करा." आबांनी बिचाऱ्यांनी केला. मी माझा डावा केला. दोघांचे हात दोन बाजूंना. "आता सांगा ह्या शहाण्यास्नी, डावीकडं कोण?" मग ऐरणीची सगळी रीत सांगितली, हात गेल्यापासून आम्ही कसं काम करतो, त्यांचं डावं माझं उजवं कसं झालं. सांगता सांगता आवाज चढला, चढू दिला.

निरवांगीचा लोहार कोळसा टाकून उठला. हात झटकले आणि म्हणाला, "आबा, ही ऐरणीवरची चूक हाय. जिनं घण मारलाय तिच्याच हातनं व्हईल. दुसऱ्याला करायची म्हनली तरी जमायची न्हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "माजी बायकू असंच म्हनती, की तुमचं डावं मला पाठ झालंय, माजं मी इसरली." आणि स्वतः जॅकजवळ जाऊन बसला. ज्याच्या हाती माझी भट्टी जायची होती, तो माझ्यासाठी जॅक धरून बसला. असा माणूस विसरता येत नाही.

या वेळी मी कारभाऱ्यांना शिटावर बसवलं आणि म्हटलं, "आता तितनं हलायचं न्हाय." पाटे उतरवले, अदलाबदल केली. एक रेघ गाडीच्या डावीला, दोन रेघा उजवीला. भोकाला भोक पुन्हा तसंच जुळलं. जॅक खाली आला. जीप बसली. मी आबांच्या घरातून परात आणवली, पाणी घालून बॉनेटवर ठेवली. पाणी दोन्ही काठांना सारखं. कुंपणावर कुणी हसलं नाही.

आबा म्हणाले, "चला बारामतीला." मागं मी आणि कारभारी बसलो. सणसर गेलं, उसाचे मळे गेले. एका सरळ रस्त्यावर आबांनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढले, मी किंचाळले, पण गाडी नाकासमोर चालत राहिली. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसले होते, आणि ती माझ्या हातच्या बोल्टांवर चालली होती. माझी छाती अशी भरून आली की वाटेत बोलताच येईना, आणि मला बोलता येत नाही असं फार कमी वेळा होतं. बारामतीच्या बाजारात उतरल्यावर मी आबांना विचारलं, "बलुत्याचं?" आबांनी मिशीवरनं हात फिरवला. "जीप उभी केलीस, पर दुसऱ्या खेपंला केलीस. गावाला इचारावं लागंल. बघू खळ्यावर."

बघू! मग माघापर्यंत मी काय जगले ते माझं मला माहीत.

खळी लागली. पहिलं खळं आबांचं. बलुतं घ्यायला पुरुष जातो, बायका तिथं उभ्या राहत नाहीत, पण कारभारी म्हणाले, "तू बी चल." रिकामं पोतं घेऊन गेलो. वाऱ्यावर उफणून ज्वारीची रास पडली होती. निरवांगीचा लोहार कुठं दिसला नाही. सुताराचं झालं. आबांनी पाटी भरली, कारभाऱ्यांकडं बघितलं आणि नेहमीसारखी हाक दिली, "लोहाराचं!"

मी डोळे मिटले. म्हणजे बलुतं राहिलं.

पण कारभाऱ्यांनी पोतं पुढं केलंच नाही. ते एक पाऊल मागं सरले. म्हणाले, "आबा, तिला द्या."

"लोहारणीला?" आबा जरा हसले. "एकच की ते."

"एक न्हाय," कारभारी म्हणाले. आवाज मोठा होता, सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असा. "लोहारीण म्हंजी लोहाराची बायकू. तसं न्हवं. लोहार तीच हाय. मी सांडशी धरतो."

आबा पाटी घेऊन माझ्याकडं वळले, आणि पुन्हा, आधीपेक्षा मोठ्यानं हाक दिली, "लोहाराचं!"

पोतं मी धरलं.